निवृत्तीनंतर माग: देवाधर्माचे कापड आपल्या हातचे

नागरा, गोंदिया, आमगाव, तिरोडा या भागात राहणाऱ्या आणि नोकरीतून मोकळ्या झालेल्या, किंवा येत्या वर्ष-दोन वर्षांत होणाऱ्या वाचकांना एक काम सुचवायचे आहे. पूजेला, देवळाला, विहाराला लागणारे कापड स्वतः विणायला शिका. चार दिवसांची हौस म्हणून नको. निदान दोन वर्षे शिकत राहायची तयारी ठेवून शिका.

साठी उलटलेल्या माणसाने विणकामात यायचे तर याच दाराने यावे, असे माझे ठाम मत आहे. साडी विणायची तर रुंद माग, ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे आणि लहानपणापासून बसलेला हात लागतो. देव्हाऱ्यातले आसनवस्त्र मात्र हातभर लांब आणि त्याहून कमी रुंद. वीण साधी, एक धागा वर आणि एक खाली. रंग बहुधा एक, फार तर दोन. शिवाय ते कापड कुणाला आणि कोणत्या दिवशी हवे आहे हे आधीच ठरलेले असते. महाशिवरात्र ठरलेली, माघ पौर्णिमा ठरलेली, भिक्खूंच्या वर्षावासानंतरचे (पावसाळी मुक्कामानंतरचे) चीवरदान, म्हणजे वस्त्रदान, ठरलेले. नोकरी सुटल्यावर वेळ हवा तेवढा मिळतो, पण आपल्या कामाची ठरल्या दिवशी कुणीतरी वाट पाहते आहे ही गोष्ट हरवते. या कामात ती परत मिळते.

गरजही खरी आहे. कोणत्याही गावच्या देवळात सणानंतर साचलेली वस्त्रे पाहा. चकचकीत पॉलिएस्टर, कडेला जरीसारखी दिसणारी प्लास्टिकची पट्टी. ते अभिषेकाचे पाणी टिपत नाही आणि निरांजनाची ज्योत लागली तर वितळून चिकटते. सुती कापड ठिणगीने जळते, पण वितळून हाताला चिकटत नाही. समईजवळ, धुपाजवळ, उदबत्तीजवळ जे कापड राहणार ते सुताचे किंवा रेशमाचे असावे, यामागे शुद्धतेइतकेच हेही साधे कारण आहे.

आपल्या जिल्ह्यात अशा कापडाच्या मागणीला तोटा नाही. नागऱ्याचे जुने शिवमंदिर गोंदियापासून हाकेच्या अंतरावर, बालाघाटच्या वाटेवर. शिवलिंगाला वस्त्र फारसे लागत नाही, पण नंदीची झूल, पुजाऱ्याचे उपरणे, पूजेच्या ताटावरचे झाकण, गाभाऱ्याच्या दाराचा पडदा ही कामे कोणत्याही महादेवाच्या देवळात असतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर महादेवाची यात्रा आणि दर्गा दोन्ही आहेत. दर्ग्यावर चादर चढते. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. तिथे पाहुण्याच्या गळ्यात आणि बुद्धमूर्तीपुढे पांढरा खाता घालतात, म्हणजे अरुंद, लांब, झालरीचा पट्टा. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाज पारी कुपार लिंगोच्या दर्शनाला दूरदूरच्या राज्यांतून येतो, आणि ती डोंगरवाट ध्वजांनी भरून जाते. गावोगावी विहार आहेत. एका जिल्ह्यात इतक्या प्रकारचे धर्मवस्त्र लागते, ही नवशिक्याच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

पण विणण्याच्या आधी विचारायचे. हा नियम मी सगळ्यांत वर ठेवतो. ज्या देवळासाठी किंवा विहारासाठी विणणार तिथे जाऊन माप, धागा, रंग, काठ, झालर हे सगळे विचारून लिहून घ्या. आपल्या मनाने सुंदर विणलेले कापड तिथल्या रीतीत बसले नाही तर ते कपाटात जाते. प्रत्येक परंपरेचे स्वतःचे नियम असतात आणि ते बाहेरून कळत नाहीत. सोवळ्याचे वस्त्र न शिवलेले, न कापलेले असावे लागते; दोन्ही काठ मागावरचेच हवेत. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, कुटुंबांच्या धर्मात लोकर आणि जवस यांचे धागे एका वस्त्रात एकत्र विणलेले चालतच नाहीत. रेशीम काढताना कोशातला जीव मरतो म्हणून काही जणांना ते पूजेत नको असते. पुजारी, भन्ते, मुजावर यांच्याशी अर्धा तास बोललात तर पुढचा महिनाभराचा खटाटोप वाचतो. आणि एकदा विचारून विणले की त्या कापडाचा वापर होतोच.

या सगळ्यांत नव्या विणकराला मला सर्वांत जास्त सुचवावेसे वाटते ते चीवर. कारण सांगतो.

भिक्खूचे चीवर अखंड कापडाचे नसते. कापडाचे तुकडे करून, ते जोडून, शिवून ते तयार होते. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, कथा आहे की बुद्धांनी मगधातली भातशेते पाहिली, बांधांनी आखलेली, आणि शिष्य आनंदाला विचारले की भिक्खूंची वस्त्रे अशी करता येतील का. आनंदाने तसा नमुना करून दाखवला. आजही चीवरात उभ्या पट्ट्या विषम संख्येत असतात, पाच, सात, नऊ, आणि मधल्या शिवणी धुऱ्यांसारख्या दिसतात. गोंदिया-भंडाऱ्यात ज्याचे आयुष्य धानाच्या बांध्या पाहण्यात गेले त्याला हा नमुना समजावून सांगावा लागत नाही. विणकराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मोठ्या चीवरालाही रुंद माग लागत नाही. अरुंद मागावर विणलेल्या पट्ट्या जोडूनच ते करायचे असते. टेबलावर मावणाऱ्या मागावर धर्मवस्त्र पूर्ण होऊ शकते अशी उदाहरणे फार थोडी आहेत, त्यांतले हे एक.

वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात कठिण चीवरदान होते. कडक रीतीप्रमाणे कठिणाचे कापड मिळाल्यावर कापणे, शिवणे, रंगवणे हे सारे त्याच दिवसात संघाने मिळून पुरे करायचे असते. म्यानमारमध्ये, यांगोनच्या श्वेडगोन पॅगोड्यात, त्याच सुमारास पौर्णिमेच्या रात्री बायका रात्रभर माग चालवून पहाटेपर्यंत चीवर विणून काढतात. आपल्याकडच्या विहारांत आता बहुधा बाजारातले तयार चीवर दान होते. त्याजागी गावातल्या आठ-दहा निवृत्त माणसांनी पावसाळ्यात पट्ट्या विणून ठेवल्या आणि उपासिकांनी त्या एका दिवसात जोडल्या, तर त्या दानाला वेगळेच वजन येईल.

इथे एक इतिहास लक्षात ठेवायला हवा. विदर्भात माग फक्त कोष्ट्यांचा नव्हता. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात महार विणकरांचे जाडेभरडे कापड आणि गिरणीच्या मालाने त्या धंद्याचे झालेले नुकसान यांची नोंद आहे. आज विहारात बसलेल्या, त्याच समाजातल्या कित्येकांच्या पणजोबांचा हात मागावर चाललेला होता. त्यांच्या पणतवंडांनी चीवर विणायला घेतले तर ते परक्याचे काम शिकत नाहीत. ज्येष्ठ मंडळींना घरात जुना धोटा (आडवा धागा नेणारा), फणी, रहाट कुठे पडला आहे का, हे विचारून पाहा.

आता शिकायचे कुठे. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मागाची रचना समजते, ताण किती असावा हे समजत नाही. ते हाताला कळावे लागते आणि शेजारी बसलेल्या माणसाकडूनच कळते. आपल्या दोन्ही बाजूंना असे शिकवणारे हात आहेत. पश्चिमेला भंडारा जिल्ह्यात आंधळगाव, मोहाडी आणि पवनी. करवतकाठी साड्या इथल्याच: काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, अंगाला एक आणि दोन काठांना दोन असे तीन धोटे, आणि अंगाचा व काठाचा धागा प्रत्येक फेकीला एकमेकांत अडकवत जायचे. पवनी तर दुहेरी महत्त्वाची. १९६९-७० च्या उत्खननात तिथे जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. उत्तरेला, नागऱ्यावरून जाणाऱ्या वाटेनेच बालाघाट आणि पुढे वारासिवनी. तिथल्या हातमागाच्या साड्या नावाजलेल्या आहेत.

नागपुरात केंद्र सरकारचे विणकर सेवा केंद्र आहे. मागाची दुरुस्ती, रंगाई, नक्षी, प्रशिक्षण याबद्दल तिथे जाऊन बोलता येते. वर्ध्याचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला सुरू झाले. तकली, चरखे, माग एका जागी पाहायचे आणि नैसर्गिक रंगांच्या खादीचे चालू काम पाहायचे तर तिथे एक पूर्ण दिवस द्या. माग विकत घेण्याआधी या जागांपैकी निदान दोन पाहून या, अशी माझी विनंती आहे.

विणकराकडे शिकायला जाल तेव्हा शिकवणीचे पैसे पूर्ण द्या. त्याचा माग थांबवून तो तुमच्याजवळ बसतो तेवढा वेळ त्याचे कापड होत नाही, आणि त्याची कमाई कापडावर आहे. एका दिवसाची मजुरी विचारा, तेवढी द्या आणि घासाघीस करू नका. पहिल्या दिवशी माग मागू नका. रहाटावर सूत उकलून कांड्या भरून द्या. घट्ट, सारखी, दोन्ही टोकांना उतरती अशी कांडी भरता आली की अर्धे काम सोपे होते. सैल भरलेली कांडी धोट्यात अडकते आणि दर फेकीला धागा तुटतो. मग विणकराची गाठ शिका, जी लहान आणि घट्ट असते आणि फणीतून विनाअडथळा जाते. हे दोन आले की मागावर बसायची परवानगी आपोआप मिळेल.

ज्या बायकांनी आयुष्यभर वाती वळल्या, कापसाची वस्त्रे केली, त्यांना इथे मोठी आघाडी मिळते. कापूस किती ओढायचा आणि कुठे थांबायचे हे त्यांच्या बोटांना माहीत असते. त्यांनी तकलीपासून सुरुवात करावी. तकली हातात बसली की श्रावणी पौर्णिमेचे पोवते आपल्या सुताचे करता येते, जानव्याचे सूत काढता येते. कापड विणण्याच्या आधीच धर्मकार्याला लागणारी वस्तू तयार झाली, ही पहिली कमाई.

घरी कोणता माग घ्यावा? खड्डामाग घेऊ नका. तो कुशल विणकराचा माग आहे. जमिनीशी बसून पाय खड्ड्यात सोडायचे, पुन्हा उठायचे, हे गुडघ्यांना या वयात झेपत नाही. चौकटीचा, बाकावर बसून चालवायचा माग बरा, पण त्यालाही पायाखालच्या पट्ट्या दाबाव्या लागतात आणि तो खोली व्यापतो. सुरुवात टेबल मागाने करा, ज्यात ताण्याचे धागे वरखाली करायच्या चौकटी हाताने उचलतात. चाळीस-पन्नास सेंटिमीटर रुंदी पुरते. तो जुना मिळाला तर उत्तमच, फक्त फणी गंजलेली नाही ना आणि तूर, म्हणजे कापड गुंडाळायचा रूळ, वाकलेली नाही ना हे जाणकाराला दाखवून घ्या. ग्रॅच्युइटीचा पैसा मागात घालू नका. पहिल्या वर्षी एक छोटा माग, दोन धोटे आणि सूत यापलीकडे काही लागत नाही.

ताण्याचा हिशेब एकदा मांडून दाखवतो, कारण नवशिके इथेच अडतात. देव्हाऱ्यासाठी ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर लांब अशी पाच वस्त्रे एकाच ताण्यावर काढायची आहेत. २/२० चे सुती सूत घेतले तर सेंटिमीटरला १२ धागे बसतात. ३० गुणिले १२ म्हणजे ३६० धागे. काठ मजबूत राहावे म्हणून दोन्ही कडांना चार-चार धागे जास्त धरा, म्हणजे ३६८. लांबी: पाच वस्त्रांचे २२५ सेंटिमीटर, आकसण्यासाठी साधारण दशांश जास्त, आणि मागाच्या दोन्ही टोकांना जे विणताच येत नाही ते साठेक सेंटिमीटर. मिळून तीन मीटरहून थोडे जास्त; हात राखून सव्वातीन मीटर धरा. ३६८ धागे त्या लांबीचे म्हणजे बाराशे मीटरच्या आसपास ताणा. बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याहून थोडा कमी, साडेनऊशे-हजार मीटर. या सुताच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १७ मीटर धागा असतो. म्हणजे एकूण सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम सूत लागेल. दीडशे ग्रॅम आणा. हा हिशेब वहीत लिहून ठेवा, प्रत्येक ताण्याचा. पुढे मोठ्या कामाला हीच वही उपयोगी पडेल.

ताणा भिंतीतल्या किंवा फळीवरच्या खुंट्यांवर घालतात. एका टोकाला धागे एकाआड एक ओलांडून फुली घ्यायची असते. त्या फुलीमुळे तीनशे अडुसष्ट धाग्यांचा क्रम टिकतो. फुली दोऱ्याने बांधल्याशिवाय ताणा खुंट्यांवरून कधीही उतरवू नका. एकेरी सूत वापरणार असाल तर त्याला खळ द्यावी लागते, म्हणजे पाजणी. दुहेरी पिळाच्या सुताला पहिल्या कामात तिच्यावाचून चालते, म्हणूनच मी २/२० सुचवले. फणीत धागे ओवायला दुपारची वेळ ठेवा. मागे गडद रंगाचा कागद लावला की पांढरा धागा नीट दिसतो. चष्म्याच्या डॉक्टरांना सांगून दोन फुटांच्या आतल्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. वाचायचा चष्मा थोडा जवळचा असतो आणि त्यापायी मान पुढे काढून बसायची सवय लागते.

विणताना सगळ्यांची एकच खोड असते: बाण्याचा धागा ताठ ओढणे. मग कापड मधे आवळते, काठाचे धागे घासून तुटतात. धागा उघड्या ताण्यातून तिरका टाका, किंचित ढिला ठेवा आणि मग हात्याने ठोका. ठोका एकसारखा हवा. जोर लागत नाही. दर वीतभर विणले की रुंदी मोजा. तीस सेंटिमीटरचे अठ्ठावीस झाले असेल तर तिथेच थांबून चूक शोधा, पुढे रेटू नका. ताण्याचा धागा तुटला तर नवा धागा गाठ मारून जोडा आणि टाचणीला गुंडाळून पुढे चला. चूक चार फेकी मागे दिसली तर उसवा. देवाला काय, चालेल, असे म्हणून सोडून देऊ नका. देवासाठी म्हणून जे करतो त्यात हयगय चालते असे ज्याने ठरवले त्याचे कापड कधीच सुधारत नाही. पहिला ताणा मात्र घरासाठी ठेवा. त्यातून पंचे आणि पुसणी होतील. देवघरातले वस्त्र दुसऱ्या ताण्यावर घ्या.

शरीराचे दोन शब्द. अर्ध्या तासाने उठा, अंगणात फिरून या. मागाची उंची अशी ठेवा की कोपर काटकोनात राहील आणि खांदे वर उचलले जाणार नाहीत. सुताची बारीक धूळ उडते. दमा असेल तर खिडकी उघडी ठेवून, नाकावर कापड बांधून बसा. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी पायाने चालणारा माग घेऊ नये.

कोसा विणायचा मोह लवकर होतो, तो आवरा. टसर, म्हणजे आपल्याकडचा कोसा, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानांत ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे किडे राखले. पाखरांपासून कोष वाचवायला माणसे झाडांखाली पहारा देतात. बायकांनी मांडीवर घासून काढलेला कोशाचा धागा गाठाळ आणि असमान असतो, तीच त्याची शोभा. पण नवशिक्याच्या ताण्याला तो टिकत नाही. आधी सुती ताणा आणि कोशाचा बाणा असे विणून पाहा. सोवळ्याचे उपरणे कोशाचे करायचे झाले तर साधारण दोन-अडीच मीटर लांब आणि टेबल मागात न मावणारे रुंद लागते, म्हणून ते काम तिसऱ्या वर्षी आणि गुरूच्या मागावर. कोसा घेताना ज्यांनी तो पिकवला त्यांच्यापर्यंत पैसा पोचेल असा घ्या. रेशीम संचालनालयाचे मुख्यालय नागपुरातच आहे, तिथे चौकशी करता येते.

रंगाच्या बाबतीत आपले रान उदार आहे आणि थोडे फसवेही. पळसाच्या फुलांचा केशरी-पिवळा रंग सुंदर येतो, पण उन्हात आणि धुण्यात लवकर विटतो. हळदीचेही तेच. ध्वजाला किंवा चीवराला ते देऊन मोकळे होऊ नका. खैराच्या काताचा तपकिरी रंग पक्का असतो. ऐनाच्या सालीचाही भुरकट तपकिरी चांगला येतो. सुताला नुसती तुरटी नीट धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा, मग तुरटी, मग रंग. झाडाची साल जिवंत खोडावरून सोलू नका, पडलेल्या फांदीची घ्या. ध्वजाचे कापड विरळ आणि हलके विणा, नाहीतर वाऱ्यावर उडत नाही.

आता पैशाचे. ज्याला पेन्शन मिळते त्याने विणलेले कापड स्वस्तात विकणे हा विणकरावर अन्याय आहे. त्याच्या घरी मागावरच चूल चालते. साडी, धोतर, अंगवस्त्र, गमछा अशा ठरावीक वाणांचे उत्पादन १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी राखून ठेवलेले आहे, तरी यंत्रमागाच्या नकलांनी बाजार भरला आहे. त्यात तुम्ही हौसेचे उपरणे दोनशे रुपये कमी करून विकले तर तुम्हाला शिकवणाऱ्याचेच गिऱ्हाईक तुटते. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. एकतर दान द्या, किंवा विणकराच्या भावाहून एक रुपयाही कमी घेऊ नका. मागणी तुमच्या आवाक्याबाहेर वाढली तर ती त्याच्याकडे वळवा. गावच्या देवस्थानाला दरवर्षी पंचवीस उपरणी लागत असतील तर ती आंधळगावच्या किंवा वारासिवनीच्या मागावरून यावीत, यासाठी विश्वस्तांपुढे शब्द टाकणे हेही निवृत्त माणसाचे काम आहे. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे.

या कामाला लोकांचा ओढा आहे, याची साक्ष पुण्यात मिळाली. १० ते २२ डिसेंबर २०२३ या दिवसांत अनघा घैसास यांच्या पुढाकाराने तिथे ‘दो धागे श्रीराम के लिए’ हा उपक्रम झाला आणि अयोध्येच्या रामलल्लाच्या वस्त्रासाठी लाखो लोकांनी रांगेत उभे राहून मागावर धागे टाकले. त्यांतल्या कित्येकांनी माग त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असेल. दोन धाग्यांनी विणकर होत नाही, पण हात लावल्यावर पुढे शिकावेसे वाटणारे त्यांत नक्कीच असतील. अशा माणसांना आपल्या गावात बसायला जागा हवी. समाजमंदिराची, विहाराची किंवा शाळेची एक रिकामी खोली, चांगला उजेड आणि एक-दोन टेबल माग एवढे झाले तरी आठवड्यातून दोन दुपारी पाच-सहा जण जमू शकतात. एकट्याने विणणारा तुटलेल्या धाग्यापाशी काम सोडून देतो. चौघे असले की कुणीतरी गाठ मारून देतो. देवळाची झूल, विहाराचे चीवर, दर्ग्याची चादर एकाच खोलीत विणली जाऊ शकते. प्रतापगडाच्या जिल्ह्यात हे अवघड वाटू नये.

नागपूरला किंवा आंधळगावला जायच्या आधी ज्यांना कापड द्यायचे त्यांच्याकडे जाऊन लांबी, रुंदी, धागा आणि रंग लिहून आणा. शिकवणारा विणकर पहिला प्रश्न हाच विचारेल.